ठिपक्यांना वळसा घालणारी रेषा

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशम् लागते. तिरुनेलवेलीकडचे, धबधब्याजवळचे पापनाशम् वेगळे. हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, भातशेतीने वेढलेले तालुक्याचे गाव. १६७६ ते १७९९ या काळात हा मुलूख मराठ्यांच्या तंजावर गादीखाली होता, त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे मार्गळी महिना असतो. त्या दिवसांत बायका पहाटेच दारापुढची जागा झाडून, सडा घालून तिच्यावर कोलम काढतात. आधी तांदळाच्या पिठाचे ठिपके, मग रेषा.

इथवर सगळे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखेच. फरक पुढे आहे. आपण ठिपक्याला ठिपका जोडत जातो. रेषा ठिपक्यांवरूनच जाते आणि रांगोळी पुरी होईपर्यंत बरेचसे ठिपके तिच्यात बुडून जातात. सिक्कु कोलम या प्रकारात रेषा ठिपक्याला शिवत नाही. ती त्याला वळसा घालते, पुढच्या ठिपक्याशी बाजू बदलते, वाटेत स्वतःलाच छेदते आणि जिथून निघाली तिथे येऊन मिळते. ठिपका शेवटपर्यंत मोकळा राहतो. तमिळनाडूत ठिपके जोडणारे कोलमही काढतात, पण संगणकाची खरी परीक्षा घेतो तो सिक्कु कोलम.

समजा, असा कोलम काढणारा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायचा आहे. ठिपक्यांच्या ओळी कमीजास्त करता याव्यात, दोन ठिपक्यांमधली वाट माउसने उघडता किंवा बंद करता यावी, आणि तयार झालेली आकृती हव्या त्या मापात छापता यावी. खिडकी, मेनू, बटणे आणि चित्राची जागा हे सगळे कोणी मुळापासून लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार टूलकिट असतात. क्यूटी, जीटीके, टीके, डब्ल्यूएक्सविजेट्स, जावाएफएक्स ही त्यांतली ओळखीची नावे. यांतले कोणते घ्यायचे? बहुतेक जण बटणे कोणाची देखणी आहेत किंवा आपल्याला येणाऱ्या भाषेत काय चालते, यावरून ठरवतात. वक्ररेषा काढायच्या असतील तर हा क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. आधी आपली रेषा नेमकी कशी आहे ते कागदावर ठरवावे. मग टूलकिटच्या बटणांकडे न बघता त्याच्या पोटातल्या, चित्र उमटवणाऱ्या यंत्रणेकडे बघावे.

बिंदू आणि वक्ररेषा यांचे नाते दोन तऱ्हेचे असते. एका तऱ्हेत रेषा दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जाते. एडविन कॅटमल आणि राफाएल रोम यांनी १९७४ मध्ये मांडलेला वक्र या जातीचा. दुसऱ्या तऱ्हेत बिंदू रेषेला नुसते आपल्याकडे ओढतात, ती त्यांच्या जवळून निघून जाते. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये अभ्यासलेले बी-स्प्लाइन या जातीचे. आपली रांगोळी पहिल्या घराण्याची, सिक्कु कोलम दुसऱ्याच्या जवळचा. हा भेद आधी कळला नाही तर गोंधळ ठरलेला. टूलकिटला बिंदूंची यादी देऊन ‘गुळगुळीत रेषा काढ’ म्हणावे आणि रेषेने बिंदूंना चुकवून जावे, हा अनुभव नवख्या प्रोग्रॅमरला हमखास येतो. तो बिघाड नसतो. त्या टूलकिटने दुसरे घराणे निवडलेले असते.

या दोहोंच्या मधला, आज जवळपास सगळीकडे चालणारा प्रकार म्हणजे बेझिए वक्र. तो मोटारींच्या कारखान्यांतून आला. सिट्रोएन कंपनीतले पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ मध्ये त्याची रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात त्याच वक्रांवर काम करून ते प्रसिद्ध केले आणि नाव त्यांचे राहिले. नेहमीच्या त्रिघाती बेझिएला चार बिंदू लागतात. रेषा पहिल्यापासून निघून चौथ्यापर्यंत जाते. मधले दोन तिला ओढतात, पण ती सहसा त्यांना शिवत नाही. द कास्टेल्जो यांची रीत कागदावर करून बघण्याइतकी सोपी आहे. चार बिंदू क्रमाने जोडले की तीन रेषाखंड मिळतात. त्यांचे मध्य घ्या, ते जोडा. नव्या दोन रेषाखंडांचे मध्य घ्या, तेही जोडा. उरलेल्या एका रेषाखंडाचा मध्य म्हणजे वक्रावरचा बिंदू. त्याच बिंदूपाशी मूळ वक्राचे दोन छोटे बेझिए झालेले असतात. प्रत्येकावर तीच कृती पुन्हा करत गेले की तुकडे इतके सपाट होतात की त्यांना सरळ रेषा म्हणून चालते. १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्टने छपाईत हाच वक्र रुजवला, आणि पुढे पीडीएफ व एसव्हीजी यांनीही तो घेतला.

आता कोलमकडे. कोलमला व्याकरण आहे ही गोष्ट संगणकशास्त्रात मांडली गेली ती तमिळनाडूतच. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमनी, त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलम आणि चित्रांची व्याकरणे यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. शब्दांची वाक्ये होतात त्या नियमांसारख्या नियमांनी ठिपक्यांची आकृती घडवता येते, हे त्यांनी दाखवले. दारापुढच्या एका रोजच्या कलेकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे ते काम मला फार मोलाचे वाटते. पुढे मोझांबिकचे गणिती पाउलुस गेर्डेस यांनी आरशांवरून परावर्तित होत जाणाऱ्या किरणाच्या रूपात अशा रेषा मांडल्या. आपल्या प्रोग्रॅमला तीच मांडणी सोयीची आहे.

प्रत्येक ठिपक्याभोवती एक चौरस घर कल्पावे. घराला चार बाजू. बाजू उघडी असेल तर तिच्या मध्यावर दोन रेषा एकमेकींना छेदून शेजारच्या घरात जातात. बंद असेल तर रेषा आतच वळते. प्रत्येक बाजू उघडी किंवा बंद, म्हणजे घरांचे एकूण १६ प्रकार. फिरवल्यावर एकसारखी दिसणारी घरे एकच धरली तर फक्त ६. छेदताना रेषा नेहमी ४५ अंशांच्या कोनात जाते असे ठरवले की एक सुंदर गोष्ट हाती लागते: प्रत्येक बंद बाजूमागे नेमका एक पाव वर्तुळाचा कंस लागतो, बाकी सगळे सरळ तुकडे. चारही बाजू बंद असतील तर चार कंस, म्हणजे ठिपक्याभोवती पूर्ण वर्तुळ. एकच बाजू उघडी असेल तर तीन कंस आणि उघड्या बाजूकडे निमुळते टोक. चारही उघड्या असतील तर कंस एकही नाही, ठिपक्याभोवती नुसता तिरपा चौरस. दोन ठिपक्यांमधले अंतर निम्मे करून ०.७०७ने गुणले की कंसाची त्रिज्या मिळते. ३ ओळी आणि ४ स्तंभांच्या मांडणीत आतल्या सगळ्या वाटा उघड्या ठेवल्या तर बंद बाजू काठावरच्या १४, म्हणून अख्ख्या कोलमला १४ कंस पुरतात. तेही सगळे एकाच कंसाची फिरवलेली रूपे.

बेझिए वक्राने अचूक वर्तुळ काढता येत नाही, पण जवळ जाता येते. पाव वर्तुळासाठी मधले दोन बिंदू स्पर्शरेषेवर टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले तर चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांच्या आत राहते. ५० पिक्सेल त्रिज्येच्या कंसात ही चूक पिक्सेलच्या दीड शतांशाहूनही कमी भरते. डोळ्याला ती दिसणे शक्य नाही.

डोळ्याला दिसते ते वेगळेच. सरळ तुकडा जिथे कंसाला मिळतो तिथे दिशा बदलत नाही, पण वळणाची तीव्रता एकदम बदलते. सरळ रुळांवरून गाडी थेट गोल वळणात शिरली तर प्रवाशाला हिसका बसेल, म्हणून रेल्वेचे इंजिनिअर मध्ये हळूहळू तीव्र होत जाणारे वळण घालतात. कोलम काढणारा सरावलेला हातही नकळत तेच करतो. त्यामुळे कंस आणि रेषा जोडून केलेला संगणकातला कोलम नियमाप्रमाणे बिनचूक असला तरी यांत्रिक दिसतो. उपाय काय? एका बंद बाजूजवळचा वळसा एका छेदापासून पुढच्या छेदापर्यंत एकाच बेझिएने काढायचा आणि त्याचे मधले दोन्ही बिंदू त्या बाजूच्या मध्यावर एकत्र ठेवायचे. मग टोकांपाशी वळणाची तीव्रता शून्य होते आणि सांधा बेमालूम जुळतो. पण शेंड्याची त्रिज्या कंसाच्या जवळपास निम्मी होते, वळसा टोकदार वाटू लागतो. म्हणून दोन्हींच्या मधली जागा डोळ्यानेच शोधावी लागते. दोन बंद बाजू शेजारी आल्या की ही तडजोड पुन्हा वेगळी. सूत्राने हे सुटत नाही. हे मधले, म्हणजे नियंत्रक, बिंदू माउसने सरकवत पडद्यावर तत्काळ बदल बघावा लागतो, आणि टूलकिटच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

पडद्यावर वक्ररेषा नसते, चौकोनी पिक्सेलच असतात. टूलकिट बहुधा आधी वक्राचे सरळ तुकडे पाडते, मग ते तुकडे पिक्सेलांत भरते. ५० पिक्सेल त्रिज्येच्या पाव वर्तुळाचे ४ तुकडे पाडले तर चूक जवळपास एक पिक्सेल येते आणि कोपरे दिसतात. ८ पाडले तर पाव पिक्सेल, १६ पाडले तर ०.०६ पिक्सेल. आकृती दहापट मोठी केली आणि तुकडे तेवढेच ठेवले की चूकही दहापट. तेव्हा चांगली यंत्रणा ती, जी प्रत्येक मापाला तुकडे नव्याने मोजते. दुसरी गोष्ट काठांची. पिक्सेल एक तर काळा किंवा पांढरा एवढेच ठाऊक असेल तर तिरप्या रेषेला करवतीचे दाते येतात. पिक्सेलचा जेवढा भाग रेषेखाली येतो तेवढीच छटा त्याला दिली की दाते नाहीसे होतात. याला अँटीअलायझिंग म्हणतात. सिक्कु कोलममध्ये ४५ अंशांच्या रेषा आणि सारखी वळणे असल्याने त्याच्याशिवाय चालत नाही.

या दोन कसोट्या घेऊन आता एकेक टूलकिट पाहू. टीके हे जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलेत तयार केलेले टूलकिट, आणि पायथॉनसोबत ते सहसा आयतेच मिळते. शाळेतल्या मुलाला तासाभरात पडद्यावर काहीतरी उमटवून दाखवायचे असेल तर याच्याइतके सोपे दुसरे नाही. त्याच्या कॅनव्हासवर रेषेला ‘स्मूथ’ म्हटले की ती बी-स्प्लाइन होते, म्हणजे दिलेल्या मधल्या बिंदूंना चुकवून जाते. त्रिघाती बेझिए थेट देण्याची सोय ८.५ आवृत्तीपासून आहे. पण तुकड्यांची संख्या ठरावीक असते, न सांगितल्यास १२. लहान कोलमला ती पुरते. मोठा केला की संख्या आपण वाढवायची. विंडोज आणि लिनक्सवर या कॅनव्हासला अँटीअलायझिंग नाही, मॅकवर आहे. शिवाय ८.६ मालिकेत लिनक्सवर भारतीय लिप्यांची जोडाक्षरे आणि मात्रा नीट बसत नाहीत. कोलमच्या प्रोग्रॅमला तमिळ नावे लागणार, मराठी वाचकाला देवनागरी. एवढ्या कारणांनी टीके मी शिकण्यापुरतेच ठेवीन.

क्यूटीचा जन्म नॉर्वेचा. हावार नूर्ड आणि आयरिक शांब-एंग यांनी त्याचे काम १९९१ मध्ये सुरू केले आणि १९९५ मध्ये ते लोकांपुढे आले. याच्यात रेषेचा पूर्ण मार्ग एक वस्तू म्हणून सांभाळता येतो: इथून सुरुवात, इथवर सरळ, इथे त्रिघाती वक्र, इथे बंद. माउस त्या मार्गावर आहे का, मार्गाच्या अमुक टक्के अंतरावरचा बिंदू कोणता, हे त्यालाच विचारता येते. कोलमची रेषा हाताने काढल्यासारखी हळूहळू उमटताना दाखवायची असेल तर ही दुसरी सोय लाखमोलाची. काढणाऱ्याचा हात कोणत्या ठिपक्याकडून कोणत्या ठिपक्याकडे गेला हेच तर शिकणाऱ्याला बघायचे असते. अँटीअलायझिंग मात्र क्यूटीत सांगून चालू करावे लागते. ते न केल्यामुळे ‘क्यूटीच्या रेषा खरबरीत येतात’ अशी समजूत करून घेतलेले लोक असतात. चित्रकारांचा क्रिटा हा प्रोग्रॅम क्यूटीवर उभा आहे, त्यावरून त्याची ताकद कळावी.

जीटीकेचा उगम गिंप या चित्रप्रोग्रॅममध्ये आहे. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी गिंपसाठी जी बटणे-खिडक्या रचल्या त्यांचेच पुढे टूलकिट झाले. २००५ मध्ये २.८ आवृत्तीपासून त्याने चित्रासाठी कैरो ही लायब्ररी घेतली. कैरोचा स्वभाव मला आवडतो. वक्राची चूक किती चालेल हे ती थेट पिक्सेलच्या भाषेत विचारते, न सांगितल्यास ०.१ पिक्सेल धरते, आणि तेवढे तुकडे आपोआप पाडते. तीच आज्ञावली पडद्याऐवजी पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइलकडे वळवली की आकृती जशीच्या तशी तिथे उतरते. इंकस्केप हा वक्ररेषांचा चित्रप्रोग्रॅमही जीटीके आणि कैरो वापरतो. मात्र २०२० मध्ये आलेले जीटीके ४ ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याकडे वळले आहे, आणि ४.१४ आवृत्तीपासून त्याने मार्ग काढण्याची स्वतःची सोयही दिली आहे. कैरो अजून चालते, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा ओघ लक्षात ठेवावा.

डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये चित्राचे दोन रस्ते आहेत, एक जुना आणि एक ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट नावाचा नवा. वक्रांसाठी दुसराच घ्यावा. जावा येत असेल तर जावाएफएक्समध्ये त्रिघाती वक्र ही तयार आकृतीच आहे.

माझी निवड क्यूटी, पायथॉनमधून, त्याला क्यूटीशी जोडणाऱ्या पायसाइडच्या वाटेने. तमिळ आणि देवनागरी दोन्ही नीट उमटतात, विंडोज आणि लिनक्सवर एकच प्रोग्रॅम चालतो, पीडीएफ आणि एसव्हीजी काढता येतात. परवान्याकडेही लक्ष हवे. पायसाइड एलजीपीएल या सैल परवान्याखाली मिळते. त्याच क्यूटीसाठीचे पायक्यूटी जीपीएलखाली किंवा पैसे देऊन मिळते, म्हणजे त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम वाटायचा तर आपली आज्ञावलीही खुली करावी लागते किंवा परवाना विकत घ्यावा लागतो. फक्त लिनक्सवर काम करायचे असेल तर निवड थोडी बदलेल. चेन्नईच्या सी-डॅकने विकसित केलेले बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेले आहे, तिथे जीटीके आणि कैरो आयते हाताशी असतात.

कोणतेही टूलकिट घेतले तरी कोलमची भूमिती त्याच्या हवाली करू नये. कोणत्या घराच्या कोणत्या बाजू उघड्या, रेषा कोणत्या क्रमाने कुठून जाते, नियंत्रक बिंदू कुठे, हे सगळे साध्या संख्यांत वेगळे ठेवावे. टूलकिटला फक्त ‘इथून इथे हा वक्र’ एवढेच सांगावे. मग पुढे टूलकिट बदलायचे झाले तर बदलावी लागते ती शेवटची थोडीशी आज्ञावली, आणि भूमिती पडद्याशिवायही तपासता येते.

तपासायला एक पक्की खूण आहे. सगळ्या आतल्या वाटा उघड्या असलेल्या आयताकृती मांडणीत एकूण किती स्वतंत्र बंद रेषा होतात, याचे उत्तर ओळी आणि स्तंभ यांच्या संख्यांचा मसावि हे असते. ३ बाय ४ची आकृती एकाच अखंड रेषेत पुरी होते. २ बाय २च्या दोन होतात, ४ बाय ६च्याही दोन, ५ बाय ५च्या पाच. प्रत्येक रेषेला वेगळा रंग द्यावा आणि पडद्यावरचे रंग मोजावेत. संख्या जुळली नाही तर चूक टूलकिटची नसते, एखाद्या घराची बाजू चुकून बंद राहिलेली असते. संख्या जुळूनही रेषा जिथे मिळते तिथे फट किंवा गाठ दिसत असेल, तर मार्ग बंद करण्याची आज्ञा राहिली आहे. शेवटचा बिंदू पहिल्यावर नुसता आणून ठेवणे दरवेळी पुरेसे नसते. मार्ग बंद केल्याचे सांगितले नाही तर टूलकिट दोन सुटी टोके समजून सांधा रंगवू शकते, आणि जाड रेषेत ते लगेच उघडे पडते.

अखंड रेषेच्या कोलमला तमिळनाडूत मान आहे, पण मसावि १ येत नसेल तिथेही तो साधता येतो. एखादी आतली वाट बंद केली की तिथे छेदणाऱ्या दोन वेगळ्या रेषा एकमेकींत मिसळून एक होतात. २ बाय २मध्ये अशी एकच वाट बंद करावी लागते. ५ बाय ५मध्ये चार वाटा, पण प्रत्येक वेळी अशीच जागा निवडायची जिथे दोन वेगळे रंग छेदतात. एकाच रंगाची रेषा स्वतःला छेदते तिथली वाट बंद केली तर ती रेषा तुटून दोन होऊ शकतात. प्रोग्रॅममध्ये हे करून बघताना बाजू बदलल्याबरोबर सगळ्या रेषांचा माग पुन्हा काढून रंग नव्याने द्यावे लागतात. ५ बाय ५सारख्या आकृतीत ते काम इतके थोडे आहे की साध्या लॅपटॉपवरही माउसचे बटण सुटायच्या आत नवा कोलम समोर येतो.